दोन ओळींत मिटणारे भांडण

६ जानेवारी १९४६, रविवार. संक्रांत आठवड्यावर आली आहे आणि मी शेगडीवर परात ठेवून हलव्याला काटा आणीत बसले आहे. साखर कंट्रोलची, मापात मिळणारी, म्हणून यंदा हलवा मूठभरच. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की यात घाई चालत नाही. पाकाचा एक चमचा घालायचा, बोटांनी तीळ फिरवीत राहायचे, ते सुकले की पुढचा चमचा. निखारे जास्त झाले की काटा मोडतो, कमी झाले की सगळा गोळा होतो. हात गुंतलेले आणि डोके मोकळे, असे हे काम आहे. ज्यांच्या दुकानात मी कामाला होते त्या गंगाक्कांवर काही लिहून द्या म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांचे पत्र येऊन पडले आहे. मी ते कपाटावर ठेवले होते. लिहायला बसले की रडायला येईल, ही भीती नव्हती; लिहायला बसले की बाकीची कामे राहतील अशी भीती होती. आज परातीपाशी बसल्या बसल्या मनातल्या मनात निम्मे लिहून झाले. तेव्हा उरलेले आता कागदावर उतरवते.

आक्का गेल्याची बातमी मला आडावर कळली. मार्गशीर्ष नुकता लागला होता. मी पोहरा ओढत होते आणि त्यांची सून धापा टाकीत आली, "काकू, अत्त्या गेल्या..." एवढेच म्हणाली आणि आडाच्या कठड्याला धरून उभी राहिली. मी आधी पोहरा वर घेतला, घागर भरली, कमरेवर घेतली आणि तिला घेऊन घरी आले. ताप दोनच दिवसांचा होता. आदल्या संध्याकाळी मी त्यांना भेटून आले होते. गोधडीत बसून त्या मला सांगत होत्या, "मास्तरीणबाई, यंदा संक्रांतीची कार्डं लौकर घ्या हातात. लढाई संपली. इतकी वरसं बायका ज्वारी कुठं मिळंल, रॉकेल कुठं मिळंल ह्यातच गुंतल्या होत्या. आता त्यांना सवड झाली. बघा, कशी मोठी मोठी भांडणं काढतील!" आणि स्वतःच हसून खोकल्या. हे आमचे शेवटचे बोलणे. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी त्यांना बसवून नेले. कपाळभर विभूती, गळ्यात फुले, पाठ ताठ. दुकानात गादीवर बसत तशाच दिसत होत्या. धान्यबाजाराच्या, मोंढ्याच्या रस्त्यावरून भजन पुढे गेले तेव्हा दोन्ही बाजूंच्या दुकानदारांनी फळ्या लावल्या होत्या; आणि पायऱ्यांवर बायका उभ्या होत्या, गावातल्या, खेड्यांतल्या. त्यांतल्या कितीजणी एकमेकींशी आक्कांमुळे बोलत होत्या हे मला माहीत होते. त्यांना ते एकमेकींविषयी माहीत नव्हते.

गंगाक्कांचे दुकान परभणीच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नवरा लवकर वारला, मुलगा लहान, दीर म्हणाले दुकान आम्ही बघतो, आक्का म्हणाल्या, "बघा की. गिऱ्हाईक होऊन या, मग बघा." आणि गादीवर स्वतः जाऊन बसल्या. वह्या, दौती, पाट्या, कुंकू, कापूर, उदबत्ती, वाती असा माल. आणि पौषात संक्रांतीची भेटकार्डे. ही कार्डे पुण्याहून येत. इंग्रजी मुलखातून निजामाच्या मोगलाईत माल आला की करोडगिरीच्या नाक्यावर अडकायचा, जकात भरावी लागायची, आणि परभणीला पोचेपर्यंत कधी कधी संक्रांत होऊन जायची. कार्डांवर गुलाब, कबुतरे, चांदण्या आणि खाली चार ओळींची कविता. आक्का ती गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवीत, कारण घेणाऱ्या बहुतेक बायकांना वाचता येत नसे. वाचून झाले की त्या बायका विचारीत, "आक्का, ह्याचा अर्थ काय?" आणि आक्का सांगत, "तीळगूळ घ्या, गोड बोला. बाकीचं पुणेकरांनी जागा भराया घातलंय."

मी त्या दुकानात पहिल्यांदा गेले ती कामासाठी नव्हेच, मुलीसाठी पाटी घ्यायला. माझे माहेर पूर्णेचे, वडील रेल्वेत. जंक्शनावरच्या शाळेत मी शिकले आणि अक्षर बरे होते. सासर पेडगावचे, घरी शेती. आमचे हे परभणीला प्राथमिक शाळेत मराठी शिकवीत. सगळे ठीक चालले होते आणि मग यांच्या डोळ्यांवर पडदा येऊ लागला. आधी फळ्यावरचे दिसेना, मग वहीतले, मग समोरच्या माणसाचे तोंड धुरकट झाले. नोकरी सुटली. पेडगावाहून थोरल्या दिरांचा निरोप आला की बिऱ्हाड मोडा आणि घरी या, खाणारी तोंडे तीन आहेत, ती काही जड नाहीत. निरोप चांगल्या मनाने दिलेला होता. अडचण एकच होती. पेडगावात मुलींची शाळा नव्हती. आमची कुसुम त्या वेळी चौथीत होती, वर्गात पुढे होती, आणि शाळा सुटलेल्या मुलीचे पुढे काय होते हे मी आमच्याच भावकीत पाहिले होते. वर्षभर भांडी घासते आणि मग तिला बघायला पाव्हणे येतात. मी यांना म्हटले, आपण जायचे नाही. यांनी विचारले, खायचे काय? मी म्हटले, बघू. मग यांनी सांगितले आणि मी लिहिले, अशी एक चिठ्ठी पेडगावला गेली की आम्ही येत नाही. त्या वर्षी सुगीनंतर पेडगावाहून आमच्या वाट्याची ज्वारी आली नाही. थोरले दीर म्हणाले असे कानावर आले, "परभणीत ऱ्हायचं तर परभणीचं खावा."

तर पाटी घ्यायला गेले होते. दुकानात झरीची एक बाई बसली होती आणि आक्का तिला पुण्याचे कार्ड वाचून दाखवीत होत्या. बाईचे तोंड पडलेले. तिला ते कार्ड बहिणीला पाठवायचे होते, आणि बहीण आई गेल्यापासून तिच्याशी बोलत नव्हती. ती म्हणाली, "आक्का, ह्या कार्डानं ती न्हाई बोलायची. ह्यात आमचं कायच न्हाई." आक्कांनी माझ्याकडे पाहिले. "तुमी मास्तरीणबाई ना? मग बसा की. लिव्हा हिच्या बहिणीला चार ओळी." मी म्हटले, मी कधी कविता केली नाही. आक्का म्हणाल्या, "मी बी कधी दुकान केलं नव्हतं."

मी बसले. पुण्याच्या कार्डासारखेच लिहायचे असते अशी समजूत, म्हणून स्नेहाचा सौरभ वगैरे लिहिले. आक्कांनी ते मोठ्याने वाचले आणि थांबल्या. "सौरभ कोन? पाव्हना हाय का घरचा?" झरीची बाई हसली. मी संतापले, पण पाटीचे पैसे अजून द्यायचे होते म्हणून उठता येईना. मग आक्कांनी त्या बाईला विचारले, भांडण कशावरून? ती म्हणाली, आईच्या तांब्याच्या घागरीवरून. दोघींना ती हवी होती. मी पुन्हा लिहिले आणि आक्कांनी वाचले:

एका विहिरीचं पाणी, तुझ्या-माझ्या डोईवर;
तीळ धाडले गं बाई, हात एक पुढं कर.

मला ते बरे वाटले होते. आक्कांनी मान हलवली. "डोईवर पाणी म्हणलं की घागर आली. अन् घागर आली की बहीण कार्ड चुलीत घालंल. हे बघा मास्तरीणबाई, ज्याच्यावरून भांडण झालं त्याची सावली बी कार्डावर पडू द्यायची न्हाई. आन् 'माफ कर' म्हणायचं न्हाई, 'चुकलं' म्हणायचं न्हाई. तसं म्हणायचं असतं तर ही बाई सोता गेली नसती का? दोघींनी मिळून काय खाल्लं, काय केलं, ते सांगा." मी त्या बाईला विचारले, लहानपणी काय खायचात? ती म्हणाली, काय असणार, भाकरी. एकच वाट्याला यायची, अर्धी हिला अर्धी मला. मग हे झाले:

एका तव्याची भाकर, तुझी अर्धी माझी अर्धी;
तीळ आधी धाडते मी, मागं येते माझी वर्दी.

आक्कांनी ते एकदाच वाचले. झरीच्या बाईने ते लगेच जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि पदराने नाक पुसले. आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे असं. एकदा ऐकून घरी जाईस्तोवर ध्यानात ऱ्हायलं पाहिजे. उद्या येता का?"

अशी मी कामाला लागले. मास्तराची बायको दुकानात बसून पैसे घेते हे गावात शोभले नसते, म्हणून आक्कांनी वह्यांच्या फळीमागे माझ्यासाठी पाट टाकला. समोरून फळीवर वह्यांच्या थप्प्या आणि मागे मी, गुडघ्यावर पुठ्ठा घेऊन. बाई आली की आक्का तिला समोर बसवीत, पाणी देत आणि बोलते करीत. माझे ऐकणे नीट व्हावे म्हणून त्या मुद्दाम मोठ्याने विचारीत, त्यामुळे आक्का थोड्या बहिऱ्या आहेत अशी पंचक्रोशीत समजूत झाली होती. "काय म्हणलात? सासू काय म्हणली? असं? आन् मग तुमी काय म्हणलाव?" मग त्या 'आत कागद बघून येते' म्हणत फळीमागे यायच्या, मी ओळी द्यायची, त्या बाहेर जाऊन वाचायच्या. पसंत पडले की मी कार्डावर शाईने उतरवायची. गावातल्या छापखान्यातून जाड कागदाला वेलबुट्टीची चौकट छापून घेतली होती; करोडगिरीचा प्रश्न मिटला. कार्ड टपालानेच जायचे, हाही आक्कांचा नियम. शेजारच्या गल्लीत द्यायचे असले तरी पाकीट, तिकीट, टपाल. "हातानं दिलं की पाया पडल्यासारखं व्हतं. टपालानं गेलं की मान ऱ्हातो." संक्रांतीला धाकट्याने थोरल्याला तीळगूळ द्यायचा आणि वाकायचे ही रीत आहे, भांडण झालेले असले की पहिल्यांदा कोणी वाकायचे एवढाच प्रश्न उरतो. आक्कांच्या कार्डात कोणालाच वाकावे लागत नव्हते. माझ्या मते त्यांच्या धंद्याचे मर्म हेच होते.

संक्रांत सरली की दसऱ्याची सोन्यासोबतची कार्डे, भाऊबीजेची, बारशाचे पाळणे, लग्नातले उखाणे. उखाण्याला तर वर्षभर मागणी. नवऱ्याचे नाव घ्यायचे पण सासऱ्याचे, दिराचे नाव चुकूनही तोंडात यायचे नाही, म्हणून आक्का आधी त्या घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे विचारून घेत. एकदा सासरा महादू, चुलतसासरा विठोबा, मोठा दीर राम आणि मधला किसन असे घर निघाले. आक्का फळीमागे येऊन म्हणाल्या, "ह्या घरानं देवच ठिवला न्हाई. घ्या आता भाजीपाला." आणि आम्ही खरोखरच मेथीच्या भाजीवर उखाणा केला. लग्नात तो फार गाजला असे ऐकले. या मिळकतीत आमचे घरभाडे निघे, कुसुमची पुस्तके निघत. धान्य मात्र पुरे पडत नसे. दुसऱ्या वर्षी तर पौष लागता लागता कणगी तळाला आली आणि मी मनाशी ठरवून टाकले की संक्रांतीपर्यंत जमले तर जमले. नाहीतर बिऱ्हाड मोडून पेडगाव. कुसुमला मी सांगितले नव्हते. आक्कांना सांगितले होते, कारण कामाला माणूस राहणार नसेल तर ते वेळेवर सांगावे.

त्या गोष्टीला चार दिवस झाले असतील. दुपारची वेळ, मी फळीमागे. बाहेर आक्कांचा आवाज नेहमीपेक्षाही मोठा: "या, या, पेडगावकर! बसा. पाणी घ्या. थोरल्या ना तुमी? मास्तराच्या वहिनी?" माझ्या हातातला टाक थांबला. माझ्या जाऊबाई. आमच्यात ती चिठ्ठी गेल्यापासून बोलणे नव्हते. त्या कधीतरी बाजाराला येत असतील, पण आमच्या घरची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांना मी तिथे आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आक्कांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. कार्ड कुणाला? धाकट्या जावेला. भांडण कशावरून?

"भांडण कसलं? भांडायला समोर तर आली पाहिजे," जाऊबाई म्हणाल्या. "चिठ्ठी धाडली. भाऊजींची चिठ्ठी. गावातल्या तलाठ्याच्या पोरानं चावडीवर वाचून दाखविली मालकाला, चार मानसांत. आमी येत न्हाई म्हणं. आता सगळं गाव म्हणायलंय, आंधळ्या भावाला ह्यांनी हाकलून दिलं. मालकाला तोंड दाखवाया जागा न्हाई."

"काय म्हणलात? हाकलून दिलं?" आक्का फळीच्या दिशेने ओरडल्या.

"लोकं म्हणायलेत हो! म्हणून तर मालकानं जवारी ठिवली. म्हणाले, न्यायला तरी यील. जवारी तशीच हाय, बाजूला कणगीत. उंदरं खायलेत."

"आन् पोरीची शाळा?"

"शाळंचं कुणी काय म्हणलं? शिकू दे की. मला काय करायचंय? मला पोरबाळ न्हाई, ती एक पोरगी हाय घरात. शिकली तर माझीबी चिठ्ठी वाचंल. पर ही येऊन सांगंल तर ना! म्हणायचं, बाई, असं असं हाय, पोरीसाठी ऱ्हाते. मी काय मालकाला समजावलं नसतं? मला वाटलं, ही आली की बोलायला मानूस होईल घरात. दोन बैलं आन् एक नवरा, कुनाशी बोलू मी?"

आक्का 'आत कागद बघून येते' म्हणाल्या आणि फळीमागे आल्या. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे. नुसता कोरा कागद पुढे केला.

मला त्या चिठ्ठीत आजही गैर वाटत नाही. माणसाला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला गाडीत घालून न्यायचे, पोरीची शाळा बुडवायची, त्यापेक्षा दोन ओळी लिहिलेल्या बऱ्या, असा सरळ विचार होता. पण ती चावडीवर वाचली जाईल हे डोक्यात आले नव्हते. पेडगावात पत्र म्हणजे कोर्टाचे नाहीतर मयताचे. घरच्या माणसाने घरच्या माणसाला टपालाने नकार धाडायचा, ही रीतच त्या घराला ठाऊक नव्हती. मी रोज दुसऱ्यांच्या घरची भांडणे ऐकत होते आणि स्वतःच्या घरचे भांडण कशावरून आहे हे मला त्या दुपारी फळीमागे कळले. मी शाळेवरून समजत होते. ते शाळेवरून नव्हतेच.

मी लिहिले. आक्कांनी बाहेर जाऊन वाचले:

तुझ्याविना गोड नाही, तीळ नाही गूळ नाही;
धाकटे गं जाऊबाई, घर तुझी वाट पाही.

जाऊबाई म्हणाल्या, "न्हाई. लय गोड झालं. तिला संशय यील."

"कसला संशय?"

"म्हणंल, ही इतकी गोड कधीपासून बोलाया लागली? काम असंल कायतरी. ती लय हिशोबी हाय, आक्का. गोडाला भुलायची न्हाई."

आक्का आत आल्या तेव्हा पदर तोंडात धरून हसत होत्या. मला हसू येत होते की राग, हे मलाच कळत नव्हते. मी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला जे मनात आले ते लिहिले. आक्कांनी वाचले:

तू तिकडं मी इकडं, दोघी सारख्याच हट्टी;
तीळ खाऊन घे आधी, मग पुन्हा धर कट्टी.

"हां!" जाऊबाई म्हणाल्या. "हे माझं बोलणं. हे धाडा." आणि उठता उठता, "कोन लिव्हतं हो हे आत?"

"हाय एक बाई. तुमच्या जावंसारखीच कडू हाय," आक्का म्हणाल्या.

कार्ड मीच शाईने उतरवले, फक्त अक्षर थोडे बदलून. जाऊबाई गेल्यावर आक्का फळीमागे येऊन बसल्या. म्हणाल्या, "एक ध्यानात ठिवा. गिऱ्हाइकाचं बोलणं ह्या फळीच्या भाईर जायचं न्हाई. तुमी काय ऐकलं न्हाई. कार्ड यील, वाचा, आन् मग जे करायचं ते करा." मी हो म्हटले.

दुकानापासून टपालघर हाकेवर आणि टपालघरापासून आमचे घर तेवढेच, तरी निजामी टपालाने दोन दिवस घेतले. पोस्टमन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते, उरलेली. मी पाकीट फोडून यांना वाचून दाखवले, जणू प्रथमच पाहते आहे. हे बोटांवर मात्रा मोजत बसले. म्हणाले, "वहिनीला हे कोणी करून दिलं? चारही चरण बरोबर आहेत. चांगला हात आहे." मी म्हटले, असेल कोणी. नवऱ्याने माझ्या कवितेचे केलेले एवढेच कौतुक, तेही मला उद्देशून नव्हे.

संक्रांतीच्या दिवशी मी यांना आणि कुसुमला घेऊन पेडगावला गेले. आधी दिरांच्या हातावर तीळगूळ ठेवला, वाकले, आणि जे चिठ्ठीत लिहिले होते तेच तोंडाने सांगितले, की मुलगी सातवी होईपर्यंत आम्ही परभणीला राहतो. दीर म्हणाले, "मग ऱ्हावा की. न्हाई कोन म्हणतंय? एवढंच तर सांगायचं होतं!" जाऊबाईंनी मला आत नेले आणि पहिला अर्धा तास मी किती आडमुठी आहे ते सांगितले, मग जेवायला वाढले. परत येताना आमच्याबरोबर ज्वारीची पोती होती. बिऱ्हाड मोडले नाही. कुसुम सातवी झाली, पुढेही शिकली, आणि आज मुलींच्या शाळेत शिकवते. पहिल्या पगारात तिने आक्कांना इरकली लुगडे घेतले. आक्का म्हणाल्या, "लय भारी घेतलंस. दुकानात नेसले तर गिऱ्हाईक भाव करील."

लढाईच्या वर्षांत कागद मिळेना. कार्ड निम्म्या आकाराचे झाले; मोठ्या भांडणाला मी चार ओळी घालीत असे, तिथेही दोनच बसू लागल्या. मी कुरकुरले तर आक्का म्हणाल्या, "दोन ओळींत जे भांडण मिटत न्हाई, ते चार ओळींत बी मिटत न्हाई." हे खरे निघाले. त्यांच्याकडून मी काय शिकले हे मोजत बसण्याचा माझा स्वभाव नाही. पण ज्या बाईने कधी माझ्या अडचणीची विचारपूस केली नाही, दया दाखवली नाही, नुसते काम दिले आणि ते काम चांगले होईपर्यंत परत परत करायला लावले, तिच्यामुळे माझी मुलगी आज फळ्यापाशी उभी आहे. एवढे मला स्पष्ट दिसते. अशी उपकाराची तऱ्हा फार कमी लोकांना साधते. घेणाऱ्याची मान ताठ राहते.

इथवर लिहून झाले आणि एक अडचण लक्षात आली. आक्कांना मी शब्द दिला होता की गिऱ्हाइकाचे बोलणे फळीबाहेर जाणार नाही, आणि तो शब्द मी जाऊबाईंसमोरही पाळला. आता आक्का नाहीत, म्हणून मी तो परस्पर मोडणे बरे नव्हे. शिवाय जाऊबाईंना वाचता येत नसले तरी पेडगावात पुरवणी वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. चावडीवर पुन्हा एकदा माझ्या हातचा कागद वाचला जावा आणि त्यांना तो चार माणसांत ऐकावा लागावा, हे मला नको. म्हणून लेख पाकिटात घातला नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने पेडगावला गेले. दीर रानात होते. जाऊबाई ओट्यावर ओला हरभरा सोलत बसल्या होत्या. मी त्यांना सगळे वाचून दाखवले, एकही ओळ न गाळता. त्यांचे स्वतःचे बोलणे, बैल आणि नवरा, सगळे. त्या सोलतच होत्या. फळीमागे मी होते, हे ऐकले तेव्हा मात्र हात थांबले. मला वाटले, आता पुन्हा कट्टी.

मग म्हणाल्या, "बाकी समदं खरं हाय. एक चुकलंय तुझं."

"काय?"

"मी कुठं कार्ड मागाया गेल्ते? मी कुंकू घ्यायला गेल्ते. मला कार्ड म्हंजी काय हेबी ठाऊक न्हवतं. आक्कानं पायरीवरच हात धरला, कानाशी लागली. म्हणली, तुमाला धाकटी जाऊ हाय ना? तिला एक कार्ड धाडा, पैसे नगं. मी म्हणलं, फुकट कशाला? तर म्हणली, पेडगावचं पहिलं गिऱ्हाईक हाय म्हणून."

पेडगावच्या बायका त्या आधीही कार्डे नेत होत्या. काहींची मीच लिहिली होती. आणि त्या कार्डाचे माझे पैसे आक्कांनी संध्याकाळी मला नेहमीसारखे हातावर ठेवले होते, मी ते नेहमीसारखे कमरेला खोवले होते. त्या दिवशी कार्ड कोणी विकत घेतले नव्हते, हे त्या मला इतक्या वर्षांत कधी बोलल्या नाहीत.

जाऊबाईंनी सोललेला हरभरा सुपात ढकलला, पदराला हात पुसले आणि माझ्या मांडीवरच्या कागदावर बोट ठेवले. "छापू दे. माझं काय न्हाई. पर हेबी लिव्ह."

दौत बरोबर नव्हती. त्यांच्या शेजारच्या घरून पेन्सिल मागून आणली आणि तिथेच ओट्यावर बसून लिहिले.